टॉवेल कारखान्याच्या सॉफ्टवेअरचा खर्च कसा काढावा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यात स्टॉकचं सॉफ्टवेअर घ्यायचंय? कोटेशन मागवायच्या आधी सूत आल्यापासून माल ट्रान्सपोर्टला जाईपर्यंतची प्रत्येक नोंद कागदावर उतरवा. मग त्या नोंदींसाठी सॉफ्टवेअर बनवायच्या प्रत्येक कामाचे तीन अंदाज घ्या, उदाहरणार्थ: सुरळीत झालं तर 20 दिवस, बहुधा 30, अडलं तर 70. मधल्याला चारने गुणा, बाकी दोन त्यात मिळवा, सहाने भागा. आले 35 दिवस. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या दिवसाच्या दराने गुणून वर 18 टक्के जीएसटी.

घात होतो तो जुन्या वह्यांत. एकच डिझाइन तीन नावांनी लिहिलेलं, माल कुठे किलोत, कुठे डझनात. हे जुळवायचे दिवस सहसा धरलेच जात नाहीत. ते वेगळे मोजाच. शेवटचा हप्ता मात्र महिनाभर वही आणि संगणकाचा स्टॉक जुळल्यावरच द्या.