‘केज’ शोधायला बसण्याआधी

पीएचडीची प्रवेशपरीक्षा ‘पेट’ निघाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा लिहायचाय आणि विषयाच्या नावात ‘केज’ (इंग्रजी cage, म्हणजे पिंजरा) आहे, अशा जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. सायन्स तुम्हाला येतं, ते मी शिकवत नाही. जुनं काम कसं शोधायचं एवढंच सांगतो, कारण माझा जीव तिथंच मेटाकुटीला आला होता.

सर्चमध्ये नुसतं ‘केज’ टाकून बघा. फॅरेडेचा 1836 चा पिंजरा येईल. दोन मणक्यांमध्ये बसवायचा टायटॅनियमचा केज येईल, बरगड्यांचा पिंजरा येईल, जलाशयात जाळ्यांच्या पिंजऱ्यांतली मत्स्यशेती येईल. आपल्या तापीवरच्या उकाईत ती चालते. यावल-रावेरकडे केळीला पाणी देणाऱ्या थ्री-फेज मोटरीचा रोटरसुद्धा ‘स्क्विरल केज’च. दोलिवो-डोब्रोवोल्स्कीनं 1889 मध्ये ती थ्री-फेज मोटर आणली. गणितवाल्यांचा केज म्हणजे तर आलेख: प्रत्येक बिंदूला ठरावीक रेषा, सगळ्यात लहान चक्राची लांबी ठरलेली, आणि एवढ्या अटींत बसणारे कमीत कमी बिंदू. 10 बिंदूंचा पीटरसन आलेख त्यातलाच. ही सगळी मंडळी निरुपद्रवी आहेत. दोन ओळी वाचल्या की आपली नाहीत हे कळतं.

आद्याक्षरांचे केज जरा जास्त छळतात, कारण पबमेडला, म्हणजे वैद्यकीय-जैविक पेपर शोधायच्या साइटला, इंग्रजीची मोठी-लहान अक्षरं सारखीच. त्यामुळे दारूच्या व्यसनाची चाचपणी करणारी चार प्रश्नांची केज प्रश्नावलीही तुमच्या यादीत येऊन बसते. ती डॉ. युइंग यांची, 1984 मध्ये छापून आलेली. दोन उत्तरं ‘हो’ आली की डॉक्टर सावध होतात. जपानच्या रिकेन संस्थेतून 2003 मध्ये आलेलं केज तंत्र तिसरंच. त्यात आरएनएचं सुरुवातीचं टोक पकडून जनुकाचं वाचन नेमकं कुठून सुरू होतं ते शोधतात. रसायनवाल्यानं हे दोन्ही बिनधास्त वगळावं.

आता खरा खड्डा. सीनियर सांगतात, “एक शब्द नको भो, दोन शब्द टाक, अवतरणचिन्हांत टाक.” मीही तेच केलं. ‘केज इफेक्ट’ टाकलं, आणि घोळ तिथंच सुरू झाला.

रसायनशास्त्रात केज इफेक्ट म्हणजे द्रावकाचा वेढा. फ्रांक आणि राबिनोविच यांनी 1930 च्या दशकात मांडलेली ही कल्पना. आयोडीनच्या रेणूवर प्रकाश टाकला की त्याचे दोन अणू सुटे होतात. वायूत ते लांब निघून जातात. द्रवात मात्र भोवतीच्या रेणूंनी वाट अडवलेली असते, म्हणून बरेचसे अणू परत एकमेकांनाच चिकटतात. पॉलिमरवाल्यांना हे रोज भोगावं लागतं: एआयबीएन (पॉलिमरची साखळी सुरू करायला घालतात ते रसायन) फुटून निघालेले सगळे रॅडिकल साखळी सुरू करत नाहीत, काही त्या वेढ्यातच आपसात जुळून वाया जातात.

उंदरांवर काम करणाऱ्यांचा केज इफेक्टही अक्षरशः याच दोन शब्दांचा. त्यांच्याकडे पिंजरा खरोखरचा, तारेचा नाहीतर प्लास्टिकचा. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या उंदरांच्या आतड्यांतले जिवाणू सारखे होत जातात. औषधाचे सगळे उंदीर एका पिंजऱ्यात आणि बिनऔषधाचे दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवले, तर दिसलेला फरक औषधाचा की पिंजऱ्याचा हे सांगताच येत नाही. त्यांच्या पेपरमध्ये पिंजरा हा आकडेवारीचा प्रश्न असतो.

दोन्हीकडे तोच शब्दप्रयोग, दोन्हीकडे तक्ते आणि टक्के. सारांशावरून विषय न उमगता तुम्ही फाईल फुगवत जाता. एआयला विचारलंत तर तो दोन्हींची छान खिचडी करून सफाईदार परिच्छेद हातात देतो. त्यावर संदर्भयादी उभी करू नका, पस्तावाल.

‘नॉट’ लावून ‘माऊस’ वगळायचा शॉर्टकटही मला पटत नाही. कारण ‘केज्ड’ संयुगं. 1978 मध्ये कॅप्लान आणि सहकाऱ्यांनी ‘केज्ड एटीपी’ बनवलं; एटीपी म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू. नावावरून रसायनवाल्याच्या डोळ्यांसमोर अडमँटेन, क्यूबेन किंवा 1985 मध्ये सापडलेला सी-60 यांच्यासारखी, अणूंनीच पिंजरा बांधलेली रचना येते. प्रत्यक्षात पिंजरा नसतोच! एटीपीला एक गट बंधानं जोडून त्याला निकामी केलेलं असतं. अतिनील प्रकाश पडला की तो गट सुटतो आणि एटीपी कामाला लागतं. ‘केज्ड कॅल्शियम’ आणखी वेगळं: तिथं कॅल्शियमला धरून ठेवणारा रेणू प्रकाशानं बिघडतो, त्याची पकड ढिली होते. या संयुगांचे चांगले प्रयोग उंदरांच्याच चेतापेशींवर झालेत. माऊस वगळला की तेही गेले.

मग करायचं काय? पेपर उघडला की शीर्षक आणि सारांश सोडून आधी प्रयोगपद्धतीवर जा. द्रावक कोणता, प्रकाशाची तरंगलांबी किती, की एका पिंजऱ्यात किती प्राणी, हे तिथं लिहिलेलंच असतं. इंग्रजीची भीती वाटत असेल तर हाच भाग सगळ्यात सोपा, छोटी वाक्यं आणि आकडे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी तर इथूनच सुरुवात करावी. पहिल्या महिन्यात फार काही समजत नाही, ते सगळ्यांचंच असतं, झोप उडवून घेऊ नका.

गाईडला प्रत्येक शंका नेऊ नका. बहुतेक गाईड आपल्या शाखेपलीकडचा केज ओळखत नाहीत, आणि तसं कबूलही करत नाहीत. त्यापेक्षा शेजारच्या फार्मसी कॉलेजात जा. उंदरांच्या मूत्र आणि विष्ठेचे नमुने वेगवेगळे गोळा करणारा मेटाबॉलिक केज त्यांच्या ॲनिमल हाऊसमध्ये बहुधा असतो. “काय करी ऱ्हायना भाऊ?” म्हणत कुणीतरी दाखवतंच.

आणि सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर एक वाक्य टाका: या कामात केज म्हणजे अमुक. आरआरसीत, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत, बसलेला एखादा प्राणिशास्त्राचा सदस्य पहिला प्रश्न प्राण्यांच्या प्रयोगांसाठी लागणाऱ्या एथिक्स कमिटीच्या परवानगीचा विचारतो, आणि तुमच्याकडे तर नुसतं टोल्युईन हे द्रावक असतं.