रिकाम्या गाडीचं वजन

बायबल पहिल्या पानापासून वाचून काढायचा माझा पहिला बेत फेब्रुवारीत मोडला. दुसरा आणि तिसराही फेब्रुवारीतच. सगळे मिळून ११८९ अध्याय, रोज तीन-सव्वातीन वाचले की वर्षात पुस्तक संपतं, असा हिशेब मी दर एक जानेवारीला मांडायचो. पहिलं पुस्तक उत्पत्ती, ते भराभर जातं. त्यात भाऊबंदकी आहे, दुष्काळ आहे, विहिरींवरून भांडणं आहेत. दुसऱ्या पुस्तकाचे, निर्गमाचे, पहिले वीस अध्यायही सरतात. मग निवासमंडपाचे, म्हणजे उपासनेच्या तंबूचे, पडदे, आकडे, खुंट्या सुरू होतात, आणि तिसऱ्या पुस्तकात, लेवीयात, होमार्पणाच्या जनावराची आतडी धुवायची वेळ आली की मी पुस्तक मिटायचो. ते अध्याय टाकाऊ नाहीत. पण समजावून सांगणारं कुणी शेजारी नसताना नवख्याने तिथून आत शिरू नये.

मी तसा नवखा नव्हतो, ही त्यातली गंमत. घर नगर जिल्ह्यातलं, आजीपासून ख्रिस्ती. शब्बाथ शाळेत, म्हणजे देवळातल्या मुलांच्या बायबलवर्गात, वचनं पाठ करून बक्षिसं मिळवलेली. पण वचनं पाठ असणं वेगळं आणि वाचन वेगळं, हे मला वयाच्या पस्तिशीत, पुण्याला नोकरीला आल्यावर कळलं. आमच्या देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) एक निवृत्त शिक्षिका आहेत, लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणतात. दर बुधवारी त्यांच्या घरी सात-आठ जण जमतात. पहिल्या दिवशी मी माझं फेब्रुवारीचं रडगाणं सांगितलं. बाई म्हणाल्या, "मार्क काढ. सोळाच अध्याय आहेत. आणि पेन नको, पेन्सिल आण. पुढच्या वर्षी तुझं मत बदलेल, तेव्हा खोडता आलं पाहिजे."

मार्कपासून सुरुवात करा, हे मीही आता सगळ्यांना सांगतो. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत ते सगळ्यांत छोटं आणि सगळ्यांत घाईतलं. मूळ ग्रीकमध्ये 'लगेच' या अर्थाचा शब्द त्यात चाळीसेक वेळा येतो. एका बैठकीत एकच प्रसंग घ्यायचा, दहा-पंधरा ओव्यांचा (अध्यायातल्या आकडा घातलेल्या वचनांना आम्ही ओव्या म्हणतो). मोठ्याने वाचायचा. कोण कुणाशी बोलतंय, कोण चिडलंय, कोण गप्प आहे, ते बघायचं. जिथे अडेल तिथे समासात प्रश्नचिन्ह. बुधवारी बाई किती वाचलं ते विचारत नाहीत, प्रश्नचिन्हं किती ते विचारतात.

कोणती प्रत घ्यावी, यावर घरोघरी वाद आहेत. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं, कॅथोलिक बायबलमध्ये ७३, एवढं विकत घेताना लक्षात असू द्या. मी देवळातली जुनी रि.व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्शन) प्रत वाचतो, कारण कानाला तीच सवय आहे. शेजारी मोबाइलवर एक सोपं भाषांतर उघडं ठेवतो. दोन्हींत फरक दिसला की तिथे थांबायचं, काहीतरी सापडतंच. सोप्या भाषेला कमी लेखणारी मंडळी आपल्यात आहेत. त्यांना मी पंडिता रमाबाईंची आठवण देतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं, ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. संस्कृतवर एवढी हुकमत असलेल्या बाईने सोपं लिहायचं ठरवलं, तर आपण कोण लागून गेलो?

आता भिंतीवरच्या कॅलेंडरबद्दल. आमच्या स्वयंपाकघरात कितीतरी वर्षं यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ टांगलेलं होतं: तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, अशा अर्थाचं. प्रमोशनच्या वेळी, मुलीच्या ॲडमिशनच्या वेळी मी त्याकडे बघायचो. बाईंनी एकदा तो अध्याय पहिल्या ओवीपासून वाचायला लावला. ते एक पत्र आहे. यरुशलेमातून उचलून बाबेलला (बॅबिलॉनला) नेलेल्या लोकांना यिर्मयाने धाडलेलं. आणि त्या गोड ओवीच्या अगदी आधीच्या ओवीत लिहिलंय की सत्तर वर्षं लागतील. म्हणजे ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण तिथेच मरणार. तोवर काय करायचं, तेही पत्रातच आहे: घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात नेलंय त्याचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

गाव सोडून पुण्यात भाड्याने राहणाऱ्या माणसाला हे कुठे लागायचं तिथे लागलं. दहा वर्षं मी सोसायटीच्या एकाही मीटिंगला गेलो नव्हतो. आपलं काय, आपण भाडेकरू. त्या महिन्यात गेलो. पाण्याच्या टाकीच्या सफाईचं काम गळ्यात पडलं, ते अजून आहे.

बाईंची सवय अशी की शेवटी प्रत्येकाला विचारायचं, पुढच्या बुधवारपर्यंत काय करणार? एकच गोष्ट, आणि ती दिसली पाहिजे. 'मी अधिक प्रेमळ होईन' हे चालत नाही. 'सासूबाईंना फोन करीन' हे चालतं. मला सुरुवातीला हा पोरखेळ वाटायचा.

मग मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय आला, त्यात येशूने सांगितलेला एक दृष्टांत आहे. एका चाकराचं राजाला दहा हजार तलांतांचं देणं असतं, ते राजा सोडून देतो. तोच चाकर बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. नाण्यांची नावं भाषांतरागणिक बदलतात, म्हणून आम्ही कागदावर गणित मांडलं. एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस. एक तलांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. आजची मजुरी पाचशे रुपये धरली, तर शंभर दिनारांचे पन्नास हजार होतात आणि दहा हजार तलांतांचे तीन हजार कोटी. सगळे हसले. मी नाही हसलो. मेहुण्याकडे माझे पंचेचाळीस हजार चार वर्षं अडकलेले होते.

पण त्या गणितातून मला दुसरंही दिसलं. पन्नास हजार ही क्षुल्लक रक्कम नाही. तीन महिन्यांहून जास्त राबणं आहे ते. तुझं दुखणं खोटं आहे, असं दृष्टांत म्हणत नाही. आणि त्याच अध्यायात थोडं आधी लिहिलंय की भावाने अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला सांग, नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत घे. म्हणजे क्षमा करणं म्हणजे तोंड शिवून बसणं नव्हे. हे मुद्दाम लिहितोय, कारण नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'क्षमा कर' म्हणत परत पाठवणारे महाभाग मी पाहिलेत, आणि ते हाच अध्याय उघडतात. मी मेहुण्याकडे गेलो, दार लावून बोललो. पैसे सोडले नाहीत, हप्ते ठरले. सोडली ती चार लोकांत त्याला टोमणे मारायची सवय. ते पैशांपेक्षा जड गेलं.

नोकरीचं सांगायचं राहिलं. मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. महिन्या-दोन महिन्यांनी भंगाराची गाडी येते. आधी रिकामी गाडी काट्यावर, मग भरलेली. वजाबाकी होईल ते भंगार, त्याचे पैसे कंपनीला. रिकाम्या गाडीच्या वजनाला ड्रायव्हर आणि हेल्पर केबिनमध्ये बसून राहायचे, हौद्यात पाण्याचा भरलेला ड्रमही असायचा. भरल्या गाडीच्या वजनाला दोघं चहाला गेलेले आणि ड्रम रिकामा. दर खेपेला दोन-अडीचशे किलो गायब. मी कधी पैसे घेतले नाहीत. फक्त बघायचो, आणि माझ्याआधीच्याने चालवलेलं चालू द्यायचो. शांतता राहायची.

बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकाचे अध्याय ३१, म्हणून मी तारखेप्रमाणे रोज एक वाचतो. नवख्यांना ही सवय सोपी जाते. अकरा तारखेला अकरावा, आणि त्याची पहिलीच ओवी खोट्या तराजूची: देवाला त्याचा वीट आहे. ती मी त्याआधी निदान वीस वेळा वाचली असेल. त्या अकरा तारखेला दुपारी गाडी यायची होती.

"उतरा दोघं. आणि ड्रम ओता," मी म्हणालो. ड्रायव्हर माझ्याकडे बघतच राहिला. "साहेब, आज काय झालं?" काय झालं ते मला सांगता येईना. वचन वगैरे काही बोललो नाही, तिथे ते शोभलंही नसतं. तो उतरला. पावतीवरचा आकडा पहिल्यांदाच सरळ आला. शाबासकी कुणी दिली नाही. उलट इतके दिवस कमी का भरत होतं, असं अकाउंट्सने विचारलं. त्याचं खरं उत्तर द्यायला मला आणखी दोन बुधवार लागले, आणि ते दिल्यावर साहेबांची बोलणी खावी लागली ती वेगळीच.

गेल्या महिन्यात तीच गाडी आली. ड्रायव्हर न सांगता खाली उतरला, ड्रमही आणला नव्हता. हेल्पर मात्र केबिनमध्ये गाढ झोपला होता. त्याला हलवून उठवायला मीच पायरीवर चढलो.