मधल्या फळीचा व्यावसायिक खेळाडू कसे व्हावे: नाशिकच्या मुलामुलींसाठी आणि पालकांसाठी

नाशिकमध्ये मुलांना फुटबॉल शिकवताना पालकांचा एक प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो: आमचा मुलगा गोल करत नाही, मग निवड समितीचे लक्ष त्याच्याकडे जाणार कसे? हा प्रश्न बहुधा मिडफिल्डरच्या, म्हणजे मधल्या फळीत खेळणाऱ्या मुलाच्या, पालकांचा असतो. जाणता प्रशिक्षक मिडफिल्डरचे गोल मोजत बसत नाही. चेंडू पायाशी येण्याआधीच्या दोन सेकंदांत तो मुलगा काय करतो, याकडे त्याची नजर असते. त्यामुळे या जागेवर व्यावसायिक कारकीर्द करायची असेल तर तयारीची सुरुवातही तिथूनच करावी लागते, आणि ती बारा ते चौदा या वयात केलेली बरी.

पूर्ण आकाराचे मैदान साधारण 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असते. बचावपटूला बराचसा खेळ समोर दिसतो, आघाडीच्या खेळाडूला गोल कुठे आहे हे ठाऊक असते, पण मिडफिल्डरवर प्रतिस्पर्धी चारही बाजूंनी चालून येतो. म्हणून मान वळवून आजूबाजूला पाहत राहणे हेच त्याचे पहिले कौशल्य. नॉर्वेचे संशोधक गेइर यॉर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील खेळाडूंचा या दृष्टीने अभ्यास केला, तेव्हा चेंडू येण्यापूर्वी जास्त वेळा मान वळवून पाहणाऱ्यांचे पास अधिक अचूक असल्याचे आढळले.

ही सवय लावण्यासाठी फारसे साहित्य लागत नाही. सोबती समोरून पास देतो आणि मी मुलाच्या पाठीमागे दहा पावलांवर उभा राहतो. चेंडू वाटेत असतानाच मी हाताची काही बोटे वर करतो. चेंडू पायाला लागण्यापूर्वी मुलाने मागे पाहून ती किती हे मोठ्याने सांगायचे. पहिल्या आठवड्यात बहुतेकांचे दोहोंपैकी एक हुकतेच: बोटे दिसली तर चेंडू पायाखालून निसटतो, आणि चेंडू अडवला तर बोटे पाहायची राहून जातात. दोन-तीन आठवड्यांनी मूल सोबत्याने पास मारण्याआधी एकदा आणि चेंडू निघाल्यावर पुन्हा एकदा मान वळवू लागते. मग मी बोटे दाखवायचे थांबवतो आणि मागून एक खेळाडू सोडतो. तो डावीकडून आला तर उजवीकडे वळायचे आणि उजवीकडून आला तर डावीकडे. चेंडू घेताना शरीर अर्धे वळलेले असावे आणि तो शक्यतो येणाऱ्या चेंडूपासून लांबच्या पायाने घ्यावा, म्हणजे पुढे पास देण्यासाठी वेगळे वळावे लागत नाही. हा सराव रोज वीस मिनिटे, दोन्ही पायांनी करावा.

आपल्याकडची बरीच मैदाने मुरमाची किंवा उघड्या मातीची आहेत. डिसेंबरमध्ये पहाटेच्या कडाक्यात ती आणखी टणक वाटतात आणि चेंडू प्रत्येक टप्प्याला वेगळीच दिशा धरतो. अशा जमिनीवर पहिला स्पर्श पक्का होतो, हा फायदा खरा. मात्र मुंबईची ट्रायल, म्हणजे निवड चाचणी, गवतावर किंवा कृत्रिम हिरवळीवर होते, तिथे चेंडू सरपटत झपाट्याने येतो आणि आपली मुले गांगरतात. ट्रायलच्या आधी किमान तीन-चार आठवडे भाड्याच्या टर्फवर सराव करून घ्यावा. परंतु केवळ पाच-पाच खेळाडूंच्या छोट्या टर्फवर खेळून तीस-चाळीस मीटरचा पास कधीच तयार होत नाही, म्हणून मोठे मैदान सोडू नये.

मधली फळी म्हणजे एकच काम नव्हे. बचावफळीपुढे उभा राहून चेंडू हिसकावणारा सहा क्रमांक, दोन्ही गोलांच्या दरम्यान धावणारा आठ क्रमांक आणि आघाडीच्या मागे संधी निर्माण करणारा दहा क्रमांक, अशा तीन ढोबळ भूमिका असतात. माझे स्पष्ट मत आहे की सोळाव्या वर्षापर्यंत मुलाला एकाच भूमिकेत अडकवू नये. उंचीवरूनही निकाल देऊ नये. 9 ऑक्टोबर 2017 रोजी दिल्लीत कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर हेडर मारून फिफाच्या 17 वर्षांखालील विश्वचषकातील भारताचा पहिला गोल करणारा मणिपूरचा जॅक्सन सिंग हा उंचपुरा बचावात्मक मिडफिल्डर आहे. दुसरीकडे एन्गोलो कान्ते चणीने लहान, बराच काळ फ्रान्सच्या खालच्या श्रेणींत खेळलेला, आणि तरीही 2016 मध्ये लेस्टर सिटीकडून व 2017 मध्ये चेल्सीकडून प्रीमियर लीग जिंकून 2018 मध्ये विश्वविजेता झाला. मुलींच्या पालकांनी संगीता बासफोरकडे पाहावे. जुलै 2025 मध्ये थायलंडविरुद्धच्या 2-1 विजयात दोन्ही गोल या मिडफिल्डरनेच केले आणि भारतीय महिला संघ आशिया चषकासाठी पात्र ठरला.

व्यावसायिक मिडफिल्डर एका सामन्यात साधारण दहा ते बारा किलोमीटर धावतो, पण ते अंतर चालणे, हळू धावणे आणि अचानक झेपावणे यांचे मिश्रण असते. त्यामुळे गंगापूर रोडने रोज आठ किलोमीटर एकाच वेगाने पळून ही ताकद येत नाही. थांबून-थांबून केलेल्या छोट्या, वेगवान धावा अधिक उपयोगी. सरावाआधी फिफाने तयार केलेला सुमारे वीस मिनिटांचा ‘11+’ वॉर्म-अप करावा, गुडघ्याच्या दुखापती टाळण्यासाठी तो फार मोलाचा आहे. उंची झपाट्याने वाढत असताना गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्याशी दुखू लागले तर ‘सहन कर’ असे सांगू नये, सराव कमी करून डॉक्टरांना दाखवावे. आहारात भाकरी, मटकीची उसळ, अंडी, दही आणि शेंगदाणे असले की शाळकरी वयात पावडरच्या डब्यांची गरज पडत नाही.

आता वाटचालीविषयी. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा आणि 1960 पासून चालत आलेला शाळांचा सुब्रतो चषक ही पहिली पायरी. त्यानंतर जिल्हा संघ, आणि वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन या राज्य संघटनेच्या आंतरजिल्हा स्पर्धांतून राज्य संघ. संतोष ट्रॉफी या राज्य संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायचे असेल तर रस्ता हाच. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नोंदणी प्रणालीत खेळाडूची नोंद असावी लागते, आणि त्यासाठी जन्मदाखला खरा हवा. वय लपवण्याचा मोह कृपा करून धरू नका. मनगटाच्या एक्स-रेवरून वय पडताळले जाते, आणि त्याहून मोठे नुकसान म्हणजे लहान मुलांत ताकदीवर जिंकण्याची सवय लागलेला मुलगा बरोबरीच्या वयात उघडा पडतो. सोळा-सतराव्या वर्षी मुंबई किंवा पुण्याच्या लीगमध्ये खेळावेच लागते, कारण क्लबांचे निरीक्षक तिथे असतात. मुंबईला पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन-येऊन काही महिने निभावतात, पण शाळा, सराव आणि प्रवास हे तिन्ही वर्षभर पेलत नाही. राहण्याची सोय आधी पाहावी.

कराराची वेळ आली की घाई करू नये. फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालील खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असू शकत नाही. निवड करून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला तिथेच नकार द्यावा. दुखापतीच्या काळात पगार आणि उपचाराचा खर्च कोण देणार, हे करारात शब्दांत लिहून घ्यावे. जुलै 2025 मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम अनिश्चित काळासाठी लांबणीवर पडला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले, तेव्हा देशातल्या वरच्या श्रेणीतील खेळाडूंनाही घरखर्चाची चिंता करावी लागली. म्हणून शिक्षण चालू ठेवावे, आणि विशीतच महासंघाचा डी लायसन्स हा प्रशिक्षकांचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करावा.

शेवटचे काम कागदपत्रांचे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, मात्र त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालक कार्यालयाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. सातवी-आठवीपासूनचे प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र, संघाची यादी आणि सामन्याचा निकाल एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवावा, आणि प्रमाणपत्रावर नावाचे स्पेलिंग शाळेच्या दाखल्याप्रमाणेच आहे का, हे ते हातात मिळताच तपासावे.