‘टीसीएल टाकलंय ना!’ : पाणी शुद्ध करताना या चुका टाळा

मृगाचा पहिला पाऊस पडला की माझा फोन वाजायला लागतो. आरोग्य सेवकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण ज्या गावांत फिरलो तिथली माणसं अजून विचारतात. अर्ध्यांचा प्रश्न, “भाऊ, पाण्याला लई वास मारतोय, काय करू?” उरलेल्या अर्ध्यांचा, “वासच येत नाही, काय करू?” टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायला टाकतात ती ब्लीचिंग पावडर, वापरताना दोन्हीकडच्या चुका वर्षानुवर्षं त्याच. तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

मूठ हे माप नव्हे

विहिरीच्या काठावर उभं राहायचं, पोत्यातून दोन मुठी टीसीएल काढायची आणि भिरकावून द्यायची. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता रागही येत नाही. आणि खरं सांगायचं तर एकदा मी याहून वाईट केलंय.

नोकरीतला दुसराच पावसाळा. एका वाडीत जुलाबाचे दोन रुग्ण निघाले. मी नवा आणि घाबरलेला, वरून विचारणा व्हायच्या आत काहीतरी करून दाखवायची घाई. पाणी किती, पावडर किती, काही न मोजता पिशवीतली सगळी पावडर कोरडीच विहिरीत पालथी केली. पाणी ताकासारखं पांढरं झालं. मला वाटलं, कामगिरी फत्ते. सकाळी बायका आल्या, एकीने ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली. एक आजी सगळ्यांसमोर म्हणाली, “औषध पाजून मारतोस का रे आम्हाला?” त्यानंतर पाच दिवस अख्खी वाडी ओढ्यातल्या झिऱ्याचं पाणी प्यायली. झिऱ्याच्या वरच्या अंगाला म्हशी बसायच्या. दोनाचे अकरा रुग्ण झाले. विहिरीत जंतू उरले नव्हते आणि विहिरीवर माणूसही उरला नव्हता. सगळे बरे झाले हे माझं नशीब. जास्त टाकलं तर जास्त शुद्ध, असं म्हणणाऱ्याला मी अजून ही गोष्ट ऐकवतो.

आता माझी सवय सांगतो. दोरीला दगड बांधून विहिरीतल्या पाण्याची खोली फुटांत मोजायची. गोल विहीर असेल तर व्यासही फुटांत घ्यायचा. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले 22, की लिटर आले. 12 फूट व्यासाच्या विहिरीत 10 फूट पाणी म्हणजे साधारण 31,700 लिटर. चांगल्या पावडरीचा हिशेब 1,000 लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे 80 ग्रॅमच्या आत काम होतं. तीच विहीर ऑगस्टमध्ये 20 फूट भरली की 160 ग्रॅम लागते. वर्षभर त्याच दोन मुठी टाकणाऱ्याने उन्हाळ्यात लोकांना पळवलेलं असतं आणि पावसाळ्यात फसवलेलं. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतं, म्हणून अडीच ग्रॅम ही सुरुवात समजा. कमी की जास्त ते ओटी टेस्ट ठरवेल. नळीतल्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचा थेंब टाकायचा, क्लोरीन उरलं असेल तर पाणी पिवळं होतं, ती ही टेस्ट.

पावडर कोरडी कधीच टाकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोडं पाणी घेऊन पिठल्याच्या पिठासारखी गुठळ्या मोडून कालवा, मग बादली भरा, ढवळा आणि दहा मिनिटं हात लावू नका. एका बादलीला 100 ग्रॅमच्या वर पावडर नको. चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, ती दोरीने विहिरीत सोडून वर-खाली हलवा. तळाचा चुना विहिरीत गेला तर पाणी जड होण्यापलीकडे काही साधत नाही. पुस्तकात अर्धा ते एक तास थांबा असं लिहिलंय. मी संध्याकाळचं शेवटचं पाणी भरून झालं की टाकायचो आणि रात्रभर विहिरीकडे कुणाला फिरकू द्यायचो नाही. ‘भाऊ, इकडे टाकलं की तिकडे मोटर चालू करू का?’ असं विचारणारा तरुण प्रत्येक गावात एक असतोच. त्याला मी झाकण धरून उभं करायचो.

उघडं पोतं

ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. ओल, ऊन आणि हवा लागली की ते उडून जातं, मागे राहतो चुना. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर मी टीसीएल धरत नाही. पोतं ग्रामपंचायतीच्या कार्यालयात तोंड उघडं टाकलेलं असेल आणि शेजारचं लोखंडी कपाट गंजलेलं असेल, तर तुमचं क्लोरीन कुठे गेलं ते कपाटाला विचारा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, अंधारी कोरडी जागा आणि डब्यावर आणल्याची तारीख. एवढं जमत नसेल तर निदान वर्षाची खरेदी एकदम करू नका.

ओटी टाकीखाली घेणं

ही माझी दुसरी दुखरी नस. एका गावात रोज सकाळी व्हॉट्सॲपवर पिवळ्याधमक टेस्ट ट्यूबचा फोटो यायचा. गावचं पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड फ्रेम करून भिंतीवर. तरी खालच्या आळीत पोरं आजारी. जाऊन पाहिलं तर गावच्या पाण्याची देखभाल करणारा जलसुरक्षक टाकीच्या पहिल्याच नळावर ओटी घेत होता, कारण तो त्याच्या घराजवळ. शेवटच्या घरात नळी काचेसारखी पांढरी. मधल्या वाटेवर पाइप गटारातून गेलेला, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी तुंबलेलं आणि तीन घरांनी नळाला मोटरी लावलेल्या.

पाणी दिवसातून तासभरच सुटतं. बाकीच्या वेळी पाइप रिकामा असतो आणि जिथे चीर असेल तिथून बाहेरची घाण आत झिरपते. त्यात मोटर लावली की ती नुसतं शेजाऱ्याचं पाणी ओढत नाही, गटारही ओढते. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, साथीच्या दिवसांत 0.5. ओटीचा थेंब पडताच जो पिवळा येतो तो खरा, पंधरा मिनिटांनी हळूहळू उगवणारा मोजू नका. आणि मोटर लावणाऱ्यांची नावं ग्रामसभेत मोठ्याने वाचा. वाईटपणा मी पुष्कळ घेतलाय, मरत नाही माणूस त्याने.

शहरवाल्यांनी हसू नये. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड-किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुलेन-बॅरी सिंड्रोम, नसांवर घाला घालून हातपाय लुळे करणारा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. क्लोरीन नीट उरलेलं असेल तर हा जंतू टिकत नाही.

बाकी किरकोळ, पण रोजच्या

तुरटी गाळ खाली बसवते, जंतूंची जबाबदारी तिच्यावर टाकू नका. आधी तुरटी, मग क्लोरीन. उलट क्रमाने करणारेही भेटलेत.

टीडीएस मीटर क्षार मोजतो. टाकीत बेडूक मरून पडला तरी तो आकडा हसतमुखाने 120 दाखवेल. 500 च्या आतलं पाणी असताना आरओ बसवून निम्म्याहून अधिक मोरीत सोडायचं, हे मला आजवर कळलेलं नाही.

उकळी फुटल्यावर मिनिटभर तरी उकळत ठेवा, आणि मग त्यात पेला बुडवून बोटं धुऊ नका. लांब दांड्याचं ओगराळं घ्या.

यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडचं पाणी उकळून पिणारे आहेत. उकळल्याने पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे उलट दाट होतं. नायट्रेटचंही तेच. तिथे टीसीएल आणि उकळणं दोन्ही निरुपयोगी. स्रोत बदला किंवा त्यासाठीचं वेगळं यंत्र घ्या.

आणि ओटीला रंगच येत नसेल तर पावडरीला शिव्या देण्याआधी बाटली तपासा. पेलाभर पाण्यात चिमूटभर ताजी टीसीएल घालून त्यात थेंब टाका. पिवळा-नारिंगी रंग आला नाही तर बाटलीच मेलेली आहे, नवी मागवा. ओटी विषारी असते. नळीतलं पाणी टाकून द्या, हात साबणाने धुवा आणि बाटली शाळेच्या पोरांच्या हातात देऊ नका.