ग्रेडियंट निवडताना मधला रंग आधी पाहावा

ग्रेडियंट म्हणजे एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू बदलत जाणारा पट्टा. शुद्ध निळ्यापासून पिवळ्यापर्यंत जाणारा ग्रेडियंट संगणकावर काढला, तर दोन्ही टोके झळझळीत दिसतात आणि मध्यावर मात्र राखाडी, मळकट पट्टा उमटतो. याचे कारण साध्या गणितात आहे. संगणक लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही घटकांची (प्रत्येक ० ते २५५ मध्ये मोजलेला) स्वतंत्र सरासरी काढतो; शुद्ध निळा म्हणजे ०, ०, २५५ आणि शुद्ध पिवळा म्हणजे २५५, २५५, ०, त्यामुळे मध्यावर तिन्ही घटक सुमारे १२८ होतात आणि तोच राखाडी रंग होय. म्हणून दोन आवडते रंग टोकांना ठेवून मोकळे होण्याऐवजी मध्यावर काय तयार होते, ते आधी पाहावे.

उपाय दोन आहेत. एकतर रंगचक्रावर शेजारी असलेले रंग घ्यावेत: निळा आणि जांभळा, किंवा केशरी आणि गुलाबी. दूरचेच रंग हवे असतील, तर मध्ये तिसरा रंग स्वतः ठेवावा. सूर्यास्ताचे आकाश निळ्यातून पिवळ्याकडे जाताना बहुधा गुलाबी-केशरी छटांतून जाते, ही सोय निसर्गाने आधीच करून ठेवली आहे. वेबसाइटसाठी सीएसएस (पानाचे रूप ठरवणारी भाषा) लिहीत असाल, तर ग्रेडियंटच्या दिशेसोबत ‘इन ओकेएलसीएच’ (in oklch; रंगचक्रावरच्या जागेनुसार रंग मोजण्याची पद्धत) असे लिहिल्यास ब्राउझर रंगचक्रावरून वळसा घेऊन जातो आणि निळ्या-पिवळ्याच्या मध्ये राखाडीऐवजी हिरवट-निळा रंग येतो. जुन्या ब्राउझरांसाठी त्याच्या आधीच्या ओळीत साधा ग्रेडियंटही द्यावा.

खरी अडचण ग्रेडियंटवर अक्षरे आली की सुरू होते. समजा, दिवाळी सवलतीच्या बॅनरवर डावीकडे किरमिजी (१२२, ३०, ६०) आणि उजवीकडे केशरी (२५५, १५२, ०) रंग आहे व मजकूर पांढरा आहे. किरमिजी टोकाला काँट्रास्ट (मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) सुमारे १० : १ मिळतो, तर केशरी टोकाला तो २.२ : १ च्या आसपास घसरतो, वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांनुसार सामान्य आकाराच्या मजकुराला तो किमान ४.५ : १ हवा. म्हणजे ओळीची सुरुवात स्पष्ट आणि सवलतीचा आकडा नेमका पुसट! अशा वेळी गडद रंगाचा विस्तार वाढवून केशरी रंग मजकुराच्या पलीकडे ढकलावा. अक्षरांना सावली देऊन वेळ मारून नेण्याची पद्धत मला स्वतःला अजिबात पसंत नाही.

अतिशय जवळच्या गडद छटांमध्ये वेगळा दोष दिसतो. १९२० पिक्सेल रुंदीच्या पार्श्वभूमीवर राखाडीच्या केवळ १२ पायऱ्या पसरल्या, तर प्रत्येक पायरी सुमारे १६० पिक्सेलचा पट्टा होते आणि पायऱ्यांच्या कडा डोळ्यांना टोचतात. त्यावर अगदी हलका नॉइज (बारीक विखुरलेले ठिपके) टाकला की कडा विरघळतात.

छपाईचे काम असेल, तर फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्येच (छपाईच्या चार शाईंवर आधारलेल्या रंगपद्धतीत) ठेवावी. एका लग्नपत्रिकेत मी पडद्यावरच्या निळ्या-जांभळ्या ग्रेडियंटवर भाळून हा नियम मोडला होता. छापून आल्यावर निळा भाग इतका मंदावला की दोन रंगांतला फरक शोधावा लागला. त्यानंतर कागदावरचा नमुना पाहिल्याशिवाय मी छपाईला होकार देत नाही.