टायसन की अली? आधी तारीख ठरवा, मग भांडा

मुहम्मद अली आणि माइक टायसन, वेगवेगळ्या काळातले दोन हेवीवेट बॉक्सर. ते समोरासमोर लढले असते तर कोण जिंकलं असतं? संध्याकाळी पार्क चौकात चहाला पोरं जमली की हा विषय निघतोच. "टायसन दुसऱ्या राऊंडला झोपवतो की बे अलीला!" लगेच पलीकडून, "हात तरी लागंल का बे त्याला?" मी या वादात नेहमी पडतो. बॉक्सिंग माझा जीव की प्राण, आणि हा वाद नीट घातला तर खेळ कळायला लागतो.

पहिलं काम म्हणजे नावापुढे तारीख लिहा. अली म्हणजे कुठला अली? 14 नोव्हेंबर 1966 ला ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या राऊंडमध्ये संपवणारा, की 1980 मध्ये लॅरी होम्सचा मार खाणारा? टायसनचंही तेच. जून 1988 मध्ये त्याने मायकल स्पिंक्सला 91 सेकंदांत आडवं केलं आणि फेब्रुवारी 1990 मध्ये टोकियोत बस्टर डग्लसकडून तो दहाव्या राऊंडला पडला. कुणी म्हणेल, जो लुई आणि रॉकी मार्सियानो हे वेगवेगळ्या काळातले बॉक्सर तर खरंच लढले, मार्सियानो आठव्या राऊंडला जिंकला. बरोबर. पण ते 1951 साल होतं आणि लुई 37 वर्षांचा होता. 1938 मध्ये श्मेलिंगला पहिल्याच राऊंडमध्ये लोळवणारा लुई मार्सियानोला कधी भेटलाच नाही. ती लढत अजून बाकी आहे.

मग नियम ठरवा. मातीतला पैलवान मॅटवर आणला की कुस्तीच बदलते, तसंच इथे. 1919 मध्ये डेम्प्सीने विलार्डला पहिल्या राऊंडमध्ये सात वेळा पाडलं. तेव्हा पडलेल्याच्या शेजारीच उभं राहून, तो उठताक्षणी ठोसा मारता यायचा. आज लांबच्या कोपऱ्यात जावं लागतं. 1982 मध्ये डुक कू किम हा बॉक्सर लढतीनंतर दगावला आणि त्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती 15 वरून 12 राऊंडवर आल्या. ते तीन राऊंड दमदार माणसाचे असतात.

आता फिल्म बघा, पण जपून. मूकपटाच्या काळातली फिल्म हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर, कमी वेगात घेतलेली असते. ती आजच्या वेगाने चालवली की डेम्प्सी विजेसारखा दिसतो आणि आपण फसतो. बॉक्सरकडे नको, रेफरीच्या चालण्याकडे बघा. तो तुरुतुरु पळतोय असं वाटलं की वेग 0.75 वर आणा. कापाकापी न केलेली फिल्म असेल तर घड्याळ लावा. राऊंड तीन मिनिटांचा असतो. तो सव्वादोन मिनिटांत उरकत असेल तर फिल्म पळतेय.

शेवटी खरा प्रश्न: या माणसाला नेमका असाच प्रतिस्पर्धी आधी भेटला होता का, आणि तेव्हा काय झालं? 1966 चा अली आणि 1988 चा टायसन घ्या. उंचीत अली चार-पाच इंचांनी जास्त, पसरलेल्या हातांचं माप 78 विरुद्ध 71 इंच. पण वजन? अली साधारण 96 किलो, टायसन 99. हे ऐकून पोरं गप्प होतात.

अलीला त्रास कशाचा? डाव्या हुकचा, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या डाव्या ठोशाचा. 1963 मध्ये हेन्री कूपरने, 1971 मध्ये जो फ्रेझियरने, दोघांनी डाव्या हुकनेच पाडला. तो हात खाली ठेवून मान सरळ मागे घ्यायचा, ती खोड 1966 मध्येही होती. टायसनचा डावा हुक त्या दोघांपेक्षा कमी नव्हता. उलट टायसनला त्रास उंच, जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारणाऱ्या आणि न घाबरणाऱ्या माणसाचा. 1987 मध्ये टोनी टकर त्याच्यापुढे 12 राऊंड टिकला. डग्लसने तर जॅबवरच त्याचं गणित बिघडवलं. आणि कूपर, फ्रेझियर दोघांच्या ठोशानंतर अली उठला होता, हेही मोजा.

माझा निकाल 15 राऊंडसाठी: पहिले चार राऊंड टायसनचे, त्यात अली एकदा खाली बसेल. सहाव्यापासून जॅब लागायला लागेल, अकराव्या-बाराव्याला रेफरी लढत थांबवेल. दहा वेळा लढले तर अली सात. रिंग 20 फुटांऐवजी 16 फुटांची केली, अलीला फिरायला जागा कमी पडली, तर मात्र पाचच.