उपग्रहावरच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन कसं करावं

कॅमेरा खाली पाठवतो ते नुसते आकडे. २११२ या आकड्यामागे नेमका किती प्रकाश होता, हे ठरवायचं काम कॅलिब्रेशनचं. प्रक्षेपणाआधी प्रयोगशाळेत इंटिग्रेटिंग स्फिअर या आतून एकसारख्या उजळणाऱ्या गोळ्यासमोर हे नातं मोजलेलं असतं, पण प्रक्षेपणातले हादरे, पोकळीत बाहेर पडणारे वायू आणि किरणोत्सर्ग यांमुळे ते सरकतं. सुओमी एनपीपी हा उपग्रह २०११ मध्ये कक्षेत गेला. त्यावरच्या व्हीआयआयआरएस उपकरणाच्या आरशांवर टंगस्टन ऑक्साइड बसलेलं होतं. सूर्याच्या अतिनील प्रकाशात ते काळवंडलं आणि निकट अवरक्त तरंगलांबीच्या पट्ट्यांचा प्रतिसाद भराभर घसरला. त्यामुळे प्रयोगशाळेतला गेन, म्हणजे आकड्यावरून प्रकाश काढायचा गुणक, ही फक्त सुरुवात समजा.

पुढची पद्धत ओळीओळीने चित्र घेणाऱ्या पुशब्रूम कॅमेऱ्यासाठी आहे.

आधी अंधार

प्रकाश नसतानाही डिटेक्टर आकडा देतो. तो वजा केल्याशिवाय पुढचं काहीच खरं नाही. शटर असेल तर प्रत्येक कक्षेत चित्रण सुरू होण्याआधी आणि संपल्यावर ते बंद करून डार्क, म्हणजे हा अंधारातला आकडा, घ्या. शटर नसेल तर अमावास्येच्या आसपास, रात्रीच्या बाजूला, मोकळ्या महासागरावर घ्या. मासेमारी नौकांचे दिवे अशा चित्रात हमखास येतात, म्हणून किनाऱ्यापासून दूरची जागा निवडा. दक्षिण अटलांटिक विसंगतीवरून, म्हणजे किरणोत्सर्गाचा पट्टा पृथ्वीच्या जवळ येतो त्या भागावरून, जाताना डार्क घेऊ नका. तिथे प्रोटॉनांच्या माऱ्याने पिक्सेल भलतेच उजळतात.

किमान हजार ओळी घ्या आणि प्रत्येक डिटेक्टरची सरासरी न काढता मध्यक काढा. वैश्विक किरणांचे एक-दोन फटके सरासरी बिघडवतात, मध्यकाला धक्का लागत नाही. डार्कसोबत डिटेक्टरचं तापमान नोंदवलंच पाहिजे. सिलिकॉनमध्ये तापमान ६ ते ८ अंशांनी वाढलं की डार्क करंट साधारण दुप्पट होतो. थंड कक्षेतला डार्क गरम कक्षेतल्या चित्रातून वजा केला, की पाण्यासारख्या गडद जागांचे आकडे आधी चुकतात.

मग उभे पट्टे

पुशब्रूममध्ये प्रत्येक स्तंभाला वेगळा डिटेक्टर असतो आणि प्रत्येकाची संवेदनशीलता थोडी निराळी. म्हणून चित्रात उभे पट्टे उमटतात. यावर चांगला उपाय म्हणजे उपग्रह ९० अंशांनी यॉ करणं, म्हणजे त्याच्या उभ्या अक्षाभोवती फिरवणं. डिटेक्टरांची रांग प्रवासाच्या दिशेत आली की जमिनीचा एकच तुकडा एकामागून एक सगळ्या डिटेक्टरांखालून जातो. हे वाळवंटावर किंवा ध्रुवीय बर्फावर करा. नंतर प्रत्येक स्तंभ योग्य तितक्या ओळी सरकवून जुळवा आणि डिटेक्टरांचे परस्पर गेन काढा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तुकडा बाजूला सरकतो, तेवढी यॉमध्ये दुरुस्ती ठेवा. ती राहून गेली तर शेजारच्या डिटेक्टरांनी वेगळी जमीन पाहिलेली असते आणि पट्टे जाण्याऐवजी नवे येतात.

जमिनीवरून मोजणी

खरी मेहनत इथे आहे. जागा सपाट, उजळ, एकसारखी आणि शक्यतो उंचावर हवी. नेवाडातलं रेलरोड व्हॅली, नामिबियातलं गोबाबेब, फ्रान्समधलं ला क्रो ही ठरलेली ठिकाणं. रॅडकॅलनेट या जाळ्यातून तिथली मोजमापं तयार मिळतात. उजळ जागाच का? जमिनीचं परावर्तन ०.३ च्या वर असेल तर उपग्रहाकडे जाणाऱ्या प्रकाशात हवेचा वाटा तुलनेने लहान राहतो आणि एरोसॉलच्या, म्हणजे हवेतल्या सूक्ष्म कणांच्या, मोजणीतली चूक फार वाढत नाही.

स्वतः मोजायचं असेल तर १० मीटर पिक्सेलसाठी १०० बाय १०० मीटरचा चौकोन आखा. त्याच्या भोवतीची जमीनही दूरवर तशीच हवी, कारण शेजारचा प्रकाश हवेत विखुरून आपल्या पिक्सेलमध्ये येतो. ३५० ते २५०० नॅनोमीटरचा स्पेक्ट्रोरेडिओमीटर (तरंगलांबीनुसार प्रकाश मोजणारं उपकरण) निदान अर्धा तास आधी सुरू करून गरम होऊ द्या. घाई केली तर १००० नॅनोमीटरच्या आसपास, जिथे दोन डिटेक्टर जुळतात तिथे, वक्रात पायरी दिसते. ती दिसली की थांबा आणि आणखी वेळ द्या.

जमिनीची तुलना ज्याच्याशी करायची ते पांढरं स्पेक्ट्रालॉन पॅनेल बुडबुड्याच्या लेव्हलने आडवं करा. एका अंशाचा कल म्हणजे सूर्य ४५ अंशांवर असताना पॅनेलवरच्या थेट उजेडात पावणेदोन टक्क्यांची चूक. पॅनेलला बोट लावू नका, तेलाचा डाग निळ्या पट्ट्यात लगेच कळतो. अंगात गडद, चमक नसलेले कपडे हवेत. पांढरा शर्टसुद्धा पॅनेलवर प्रकाश टाकतो. सूर्याकडे तोंड करून हात लांब धरा, सावली मागे पडेल.

८ अंशांचं फोरऑप्टिक, म्हणजे स्पेक्ट्रोरेडिओमीटरचं पुढचं टोक, दीड मीटरवर धरलं की जमिनीवर सुमारे २१ सेंटिमीटरचं वर्तुळ दिसतं. चौकोनात ८ ते १० समांतर रेषा चाला आणि प्रत्येक रेषेच्या आधी व नंतर पॅनेलचं मोजमाप घ्या. न मोजलेल्या भागावर पाय ठेवू नका, कारण पपडी फुटली की तिचं परावर्तन बदलतं. सगळं काम उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या आगेमागे अर्ध्या तासात बसवा.

त्याच वेळी सूर्यप्रकाशमापकाने एरोसॉलची प्रकाशीय जाडी (ते कण प्रकाश किती अडवतात याचं माप) आणि बाष्प मोजत राहा. ५५० नॅनोमीटरला जाडी ०.१ च्या खाली असेल तर दिवस चांगला. डोळ्यांना न दिसणारे विरळ सिरस ढग मात्र फसवतात. सूर्याचा थेट प्रकाश कारण नसताना वरखाली होत असेल तर तो दिवस सोडून द्या. प्रवास वाया गेला म्हणून वाईट वाटतं, पण असा दिवस हिशेबात धरला तर पुढची सगळी मालिका बिघडते.

जमिनीचं परावर्तन, एरोसॉल, बाष्प, कोन आणि कॅमेऱ्याचा वर्णप्रतिसाद (कोणत्या तरंगलांबीला तो किती संवेदनशील आहे) ६एस किंवा मॉडट्रान या वातावरणाच्या संगणकीय मॉडेलमध्ये घाला. वातावरणाच्या माथ्यावरचा रेडियन्स, म्हणजे कॅमेऱ्याच्या दिशेने जाणारा प्रकाश, मिळेल. समजा तो लाल पट्ट्यात १६४ वॅट प्रति चौरस मीटर प्रति स्टेरेडियन प्रति मायक्रोमीटर आला. कॅमेऱ्याचा सरासरी आकडा २११२, डार्क ६२. मग गेन १६४ भागिले २०५०, म्हणजे ०.०८.

ताळा करून पाहा. रेडियन्सला ३.१४१६ ने आणि पृथ्वी-सूर्य अंतराच्या वर्गाने गुणा. अंतर खगोलीय एककात घ्या. मग सूर्याची त्या पट्ट्यातली तीव्रता आणि सूर्याच्या माथ्यापासूनच्या कोनाचा कोसाइन यांच्या गुणाकाराने भागा. तीव्रता १५५०, कोन ३५ अंश आणि अंतर १ धरलं तर परावर्तन सुमारे ०.४१ येतं. उजळ कोरड्या जमिनीसाठी ते पटण्यासारखं आहे. अंतर विसरू नका, वर्षभरात त्यामुळे सूर्यप्रकाशात जवळपास ७ टक्के फरक पडतो.

एका दिवसाच्या मोजणीवर गेन बदलू नका. या पद्धतीची अनिश्चितता ३ ते ५ टक्के असते. अनेक दिवसांचे बिंदू कालरेषेवर मांडा, कल स्पष्ट दिसला तरच हात लावा.

साक्षीदार दोन हवेत

संदर्भ म्हणून मानलेली वस्तूही झिजते. सौर डिफ्यूझर, म्हणजे सूर्यप्रकाश पसरवून कॅमेऱ्याला दाखवणारा पांढरा फलक, सूर्यात जितका उघडा राहतो तितका पिवळतो, निळ्या टोकाला सगळ्यात जास्त. टेरा उपग्रहावरच्या मोडिस या उपकरणाच्या डिफ्यूझरचं दार २००३ मधल्या बिघाडानंतर कायम उघडं ठेवावं लागलं आणि त्याची झीज वाढली. लँडसॅट ८ वर म्हणूनच दोन डिफ्यूझर आहेत, एक नेहमीच्या वापराचा आणि एक क्वचित काढायचा. दुसरा पहिल्याची झीज दाखवतो.

डिफ्यूझर नसलेल्या उपग्रहाला चंद्र आहे. त्याला हवा नाही आणि त्याचा पृष्ठभाग आपल्या कामापुरता न बदलणारा. दर महिन्याला एकाच कलेला, साधारण ७ अंश फेज कोनाला (सूर्य, चंद्र आणि उपग्रह यांच्यातला कोन), उपग्रह वळवून चंद्रावरून रेषा फिरवा आणि सगळ्या पिक्सेलांची बेरीज चंद्राच्या तेजाच्या रोलो मॉडेलशी ताडून पाहा. ६०० किलोमीटरवरून १० मीटर पिक्सेल देणाऱ्या कॅमेऱ्यात चंद्र सुमारे ५४० पिक्सेल रुंद भरतो. वळण्याचा वेग कमी पडला तर तो उभा ताणला जातो आणि बेरीज तितक्या पटीने फुगते. हे ओव्हरसॅम्पलिंग अचूक भागलं नाही तर चंद्रावरून काढलेला कल खोटा निघतो. चंद्राचं मॉडेल निव्वळ मूल्यासाठी तितकं भरवशाचं नाही, बदल पकडायला मात्र उत्तम.

लघुतरंग अवरक्त डिटेक्टर थंड ठेवलेले असतात, त्यामुळे त्यांच्या आसपास बर्फाचा पातळ थर साचतो. लँडसॅट ५ च्या पट्टा ५ आणि ७ मध्ये अशा थरामुळे प्रतिसाद लाटेसारखा वरखाली होत असे. असा हेलकावा दिसला की डिटेक्टरचा भाग गरम करून बर्फ घालवा आणि पुन्हा थंड झाल्यावर डार्कपासून सगळं नव्याने मोजा.

आकडे बाहेर देताना

प्रत्येक चित्राच्या मेटाडेटात गेन, ऑफसेट (आकड्यात मिळवलेली ठरावीक संख्या), आवृत्ती आणि ती लागू झाल्याची तारीख लिहा. सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रांच्या मांडणीत २५ जानेवारी २०२२ पासून १००० चा ऑफसेट आला. तेव्हापासून आकड्यातून १००० वजा करून मग १०००० ने भागावं लागतं. जुनाच कोड चालवला तर परावर्तन सरसकट ०.१ ने वाढतं आणि खोल पाणीही कोरड्या मातीइतकं उजळ दिसतं.